घोडवाटेवरचा कौल

आम्ही दोन माउंटन बाइक घेतल्या त्या एका स्त्रीरोगतज्ज्ञाच्या सल्ल्यावरून. हे नव्वदच्या आगेमागचं. तेव्हा इंग्लंडमध्ये या सायकलींची साथ आली होती. जाड टायर, डोळ्यांना बोचणारे गुलाबी-पोपटी रंग आणि इतके गिअर, की त्यांतले निम्मे कशासाठी आहेत हे विकणाऱ्यालाही सांगता येत नसे. आम्ही लेस्टरला राहत होतो. तिथून दिवसभर सायकल हाणली तरी पर्वत म्हणावा असं काही लागत नाही. पूर्वेला रटलंडच्या दिशेनं जी जमीन हळूहळू वरखाली होते तिला तिथले लोक टेकड्या म्हणतात, आणि त्यांतली एखादी पर्वतीच्या निम्म्यानं जरी उंच असली तरी तिच्या माथ्यावर कुणाच्या तरी स्मरणार्थ बाक ठेवतात. मी पुण्याचा. पहिले काही आठवडे मी चढ कधी सुरू होतो याची वाट पाहत असायचो, आणि बायको मागून सांगायची की तो संपला.

सल्ला देणारे कन्सल्टंट बो टाय लावत. त्यांच्या खोलीत एका भिंतीवर त्यांच्या घोड्यांचे फोटो होते आणि दुसरीवर त्यांच्या हातून झालेल्या बाळांचे. दोन्हींकडे ते सारख्याच अभिमानानं बघत. आमचे टेस्ट ट्यूबचे दोन प्रयत्न फसले होते. दुसऱ्याच्या निकालानंतर ते खुर्चीत मागं रेलून म्हणाले, की आपण थोडे दमलो आहोत, आपण उन्हाळाभर विश्रांती घेऊ, मोकळ्या हवेत फिरू, एखादा छंद लावून घेऊ; तिसरा आणि शेवटचा प्रयत्न नव्या वर्षात करायचा की नाही ते ख्रिसमसच्या आधी कळवावं. या ‘आपण’मध्ये नक्की कोण कोण होतं ते मला कधी कळलं नाही. इंजेक्शनं तर एकटी बायकोच घेत होती.

ती भूलतज्ज्ञ, मी रेडिऑलॉजिस्ट. म्हणजे ती लोकांना झोपवायची आणि मी त्यांच्या सावल्या वाचायचो. पुण्याच्या एकाच मेडिकल कॉलेजात आम्ही होतो. मी शहरातला, ती सावंतवाडीकडची. दोघंही देवाधर्मातले नव्हतो. आमच्या घरात एक गणपती होता, पण तो कुणीतरी आहेर म्हणून दिलेला आणि पुस्तकं पडू नयेत म्हणून शेल्फावर आडवा लावलेला. तिसऱ्या प्रयत्नाचा विषय घरात फ्रीजसारखा होता. सतत आवाज करणारा, आणि म्हणून ऐकू न येणारा. मला तो प्रयत्न करायचा होता. तिला काय वाटतं ते ती बोलत नव्हती, आणि मी विचारलं की ती ‘बघू’ म्हणायची.

तर आम्ही फिरू लागलो. सायकलच्या दुकानात निसर्गरम्य मार्गांची घडीपत्रकं मिळत, त्यांवर प्रत्येक मार्गाला ‘सौम्य’ किंवा ‘अतिसौम्य’ असं प्रमाणपत्र असे. नकाशावर ज्यांना ब्राइडलवे म्हणतात त्या जुन्या घोडवाटा. त्यांच्यावरून घोड्यांना, पायी चालणाऱ्यांना आणि नाइलाज म्हणून सायकलवाल्यांना जायचा हक्क असतो. घोडा समोर आला की आपण उतरून बाजूला उभं राहायचं. एका शनिवारी आख्खी शिकारीची टोळी आमच्या समोरून गेली. लाल कोट, पांढऱ्या विजारी, तुताऱ्या, तीसचाळीस कुत्रे, आणि या सगळ्याच्या पुढं कुठंतरी एक कोल्हा. शेवटच्या स्वारानं टोपीला हात लावून आम्ही वाट दिल्याबद्दल आभार मानले. इतकी जय्यत तयारी करून मांजराहून थोड्या मोठ्या जनावराच्या मागं लागणाऱ्या लोकांचं दीडशे वर्षं आपल्यावर राज्य होतं, हा विचार मला तिथल्या गोठाणाच्या वासात बराच वेळ पुरला.

आमचा आवडता मार्ग एका ओसाड गावातून जायचा. ओसाड म्हणजे तिथं गाव दिसतच नाही. एक मोठं कुरण, आणि त्यात गवताखाली दडलेले उंचवटे. नकाशावर तिथं जुन्या वळणाच्या अक्षरांत एवढंच लिहिलेलं होतं, की ही मध्ययुगातल्या गावाची जागा. मी लायब्ररीत जाऊन वाचलं. पाचसहाशे वर्षांपूर्वी इथं माणसं राहत. जमीनदाराला माणसांपेक्षा लोकरीत जास्त फायदा दिसला. त्यानं घरं पाडली, माणसं हाकलली आणि मेंढ्या सोडल्या. मेंढ्या अजून तिथंच होत्या.

त्या कुरणात शिरलं की सायकल वेगळी चालायची. जुनी गल्ली बुजलेली नव्हती, नुसती गवतानं झाकली गेली होती, आणि चाक आपोआप तिच्या वळणानं वळायचं. दोन्ही बाजूंना घरांचे चौकोन. एखाद्या चौकोनातून गेलो की आपण कुणाच्या तरी ओटीवरून सायकल घालतोय असं वाटून मी नकळत वेग कमी करायचो. खोलगट भागात हवा एकदम गार लागे. पाठीमागं कुणीतरी खोकायचं, अगदी म्हाताऱ्या माणसासारखं, आणि वळून बघितलं तर मेंढी. मेंढ्या माणसासारख्या खोकतात हे मला माहीत नव्हतं. माहीत झाल्यावरही मी दर वेळी वळून बघायचो.

दोन गल्ल्या मिळत तिथं मांडीएवढ्या उंचीचा एक दगड उभा होता. बहुधा गावच्या क्रुसाचं मोडकं खोड. उन्हाळ्यात आम्ही त्याला सायकली टेकवून सँडविच खाल्ली होती. करडा, खडबडीत, काही विशेष नसलेला दगड.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी दुपारी आम्ही तिथं आलो तेव्हा धुकं उतरायला लागलं होतं. बायको पुढं होती. तिनं एकदम ब्रेक दाबले, आणि मी तिच्यावर आदळता आदळता राहिलो. ती दगडाकडं बघत होती. दगडाला हळद लावलेली होती.

“हळद आहे,” ती म्हणाली.

मी म्हटलं, दगडफूल असेल, इथं भिंतींवर पिवळं दगडफूल येतं. तिनं हातमोजा काढून बोट लावलं आणि माझ्यासमोर धरलं. बोटाला तेलकट पिवळा रंग आला होता. दगडफूल बोटाला लागत नाही. दगडाची एकच बाजू माखलेली होती, मांडीच्या उंचीपर्यंत, आणि लावणाऱ्यानं हात वरून खाली फिरवलेला दिसत होता. आजूबाजूला पावलांचे ठसे नव्हते. असते तरी त्या तुडवलेल्या चिखलात कळले नसते. आम्ही निघालो. पुढच्या फाटकापाशी तिनं ते बोट रुमालाला पुसलं, आणि रुमाल खिशात न ठेवता हातातच धरून सायकल चालवली.

नंतरच्या खेपेला दगड शेंदरी झाला होता.

हे लिहायला सोपं आहे. ते बघायला काय वाटलं ते सांगणं अवघड. लेस्टरशायरमधल्या एका कुरणात, धुक्यात, जिथं पाचशे वर्षं कुणी राहिलेलं नाही तिथं, एक दगड शेंदरानं माखलेला आहे. ओल्या तेलात कालवलेला, थरावर थर चढलेला शेंदूर, आपल्याकडं कुठल्याही पारावरच्या मारुतीला असतो तसा. पिवळा त्याच्या खालून डोकावत होता. आधी हळद, मग शेंदूर. कुणाला तरी क्रम माहीत होता. माझ्या अंगावर काटा आला, आणि त्याचा मला राग आला. मी आयुष्यभर ज्या गोष्टींना हसलो त्यांना घाबरायला मला लेस्टरशायरला यावं लागलं होतं.

“कोण येत असेल?” बायकोनं विचारलं. कुजबुजतच, जणू ते कोण जवळच उभं आहे.

मी शक्यता मांडू लागलो. लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरचं, म्हणजे तिथल्या गुजराती वस्तीतलं, एखादं भाविक कुटुंब. पण ते इतक्या लांब चिखल तुडवत येऊन, पणती किंवा उदबत्तीची काडीही मागं न ठेवता जाईल? एखादा खोडसाळ विद्यार्थी. पण त्याला शेंदूर कसा माहीत? मी बोलत असताना तिनं चप्पल काढावी तसा एक बूट काढला, मग माझ्याकडं बघून परत घातला. आम्ही दोघांनीही ते झालंच नाही असं धरलं.

दिवाळीच्या कार्यक्रमात मी तिथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांपाशी सहज चौकशी केली. कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता, फराळ कागदी प्लेटांत होता आणि अध्यक्ष हाडांचे सर्जन होते. मी म्हटलं, कुणीतरी असा दगड पाहिल्याचं ऐकलं, तुमच्या कानावर काही आलंय का. त्यांच्या कानावर काही नव्हतं, पण त्यामुळं ते थांबले नाहीत. स्वयंभू स्थान असणार, ते म्हणाले. शेव संपेपर्यंत त्यांनी मला एक ट्रस्ट, एक जीर्णोद्धार समिती आणि तिचं उपाध्यक्षपद देऊ केलं. जागा नेमकी कुठं, हे त्यांनी तीनदा विचारलं. मी म्हणालो, एडिनबराच्या बाजूला कुठंतरी.

पण बायको बदलत होती. त्या दगडानंतर ती पुन्हा बोलायला लागली. स्वयंपाक करताना एकदम आजोळच्या देवळाबद्दल सांगू लागायची. तिथं देवाला कौल लावतात. घरात एखादा निर्णय होत नसला की गुरव देवाच्या दगडावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवतो, एक उजवीकडं, एक डावीकडं, देवाला गाऱ्हाणं घालतो, आणि मग सगळे वाट बघत बसतात. उजवी आधी पडली तर होय. डावी पडली तर नाही. तिला डॉक्टरकीसाठी पुण्याला पाठवायचं की नाही याचाही तिच्या आईनं कौल घेतला होता. उजवा आला. मेरिट लिस्टवर माझं नाव होतं ते सगळे विसरले, ती हसत म्हणाली, अजून गावात सांगतात की देवानं हिला डॉक्टर केलं.

मग एका संध्याकाळी तिनं भांडी घासता घासता माझ्याकडं पाठ करून विचारलं.

“तिसऱ्याचा कौल लावला तर?”

मी म्हटलं, कुठं? ती म्हणाली, तुला माहीत आहे कुठं.

मी त्यावर व्याख्यान द्यायला हवं होतं. दिलं नाही. कारण इतक्या महिन्यांत तिनं पहिल्यांदा आपणहून तो विषय काढला होता.

त्या आठवड्यात ऑन-कॉलनंतरच्या सुटीला मी एकटाच सायकल घेऊन तिकडं गेलो. जे कुणी दगड रंगवत होतं त्याला गाठून दोन शब्द बोलावेत, इतकाच हेतू. दुपार होती, पण धुकं असं दाट की सायकलच्या हँडलपलीकडं जग संपल्यासारखं वाटत होतं. कुरणाच्या फाटकाशी मी सायकल ठेवली आणि गल्लीतून चालत खाली उतरलो. अर्ध्या वाटेत आवाज ऐकू आला. पोत्यावर पोतं घासावं तसा, सावकाश, मधेच थांबणारा, पुन्हा सुरू होणारा. त्याच्या जोडीला जड श्वास. मी उभा राहिलो. माझ्या पुढं, जिथं दगड असायला हवा तिथं, काहीतरी वाकून दगडाला अंग लावत होतं. मी एक पाऊल टाकलं तेव्हा त्यानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. छाती रक्तानं माखल्यासारखी लाल होती.

तो एडका होता. म्हणजे मेंढ्यांमधला नर. मोठा, रुंद तोंडाचा, कंटाळलेला. त्यानं माझ्याकडं एखाद्या कन्सल्टंटसारखं बघितलं, छाती दगडावर आणखी दोनदा घासली आणि धुक्यात निघून गेला. दगड आता शेंदरी नव्हता. कुंकवासारखा लाल होता.

मी लायब्ररीत जाऊन मेंढपाळीचं पुस्तक काढलं. त्यात सगळं होतं. शरद ऋतूत कळपात एडका सोडतात तेव्हा त्याच्या छातीला तेलात कालवलेला रंग फासतात. तो ज्या मेंढीवर चढेल तिच्या पाठीवर रंग उमटतो. काही दिवसांनी रंग बदलतात, आधी फिका, मग गडद: पिवळा, शेंदरी, लाल. पाठ नुसती पिवळीच राहिली तर मेंढी पहिल्या खेपेलाच गाभण राहिली. पिवळ्यावर शेंदरी चढला तर पहिली खेप फुकट गेली. शेंदरीवर लाल चढला तर दुसरीही. छाती चिकट होते, खाजते, म्हणून एडका मिळेल त्या दगडाला ती घासतो.

मेंढ्यांच्या अंगावर रंग असतो हे आम्हाला दिसलं नव्हतं असं नाही. इंग्लंडमधल्या मेंढ्या नेहमीच रंगवलेल्या असतात, कुणाच्या बरगडीवर निळा आकडा, कुणाच्या मानेवर हिरवा ठिपका. आम्ही त्याकडं बघायचं कधीच सोडून दिलं होतं. सगळं स्पष्टीकरण आमच्याभोवती चरत होतं, आमच्याकडं पाठ करून.

मी हसलो, पण जेमतेम. आणि घरी येऊन काही बोललो नाही. माझा हिशेब असा होता: तिला कौल हवा आहे. उजवा आला तर ती तिसरा प्रयत्न करील. उजवा यायची शक्यता निम्मी आहे, म्हणजे त्या कन्सल्टंटांनी दिलेल्या आशेपेक्षा कितीतरी जास्त. अंधश्रद्धेवर मी कॉलेजात निबंध लिहिला होता आणि त्याला बक्षीस मिळालं होतं. पण अंधश्रद्धा आपल्या बाजूनं उभी राहते तेव्हा ती किती समंजस वाटते, हे त्यात लिहायचं राहून गेलं होतं.

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. तिनं बागेतल्या शेवटच्या पांढऱ्या गुलाबाच्या पाकळ्या एका सॅम्पलच्या बाटलीत घेतल्या होत्या. वाटेत कुणीच भेटलं नाही. कुंपणाच्या काटेरी झुडपांवर कोळ्यांची जाळी दवानं भरली होती, आणि धुक्यातून झाडं एकेक करून पुढं येत होती आणि मागं जात होती. कुरणात शिरलो तेव्हा आवाज असा नव्हताच. दगड लाल होता. मी एडका शोधत होतो, तो कुठं दिसला नाही.

तिनं हेल्मेट काढलं. या वेळी दोन्ही बूट काढले आणि मोज्यांनी त्या गार चिखलात उभी राहिली. पाकळ्या पाण्यात भिजवून तिनं एक उजवीकडं लावली, अंगठ्यानं नीट दाबून, आणि एक डावीकडं. मग मला म्हणाली, की गाऱ्हाणं घालताना सोबत कुणीतरी ‘व्हय म्हाराजा’ म्हणावं लागतं. एकट्यानं घातलेलं गाऱ्हाणं धरत नाहीत.

“मी?”

“इथं दुसरं कोण आहे?” ती म्हणाली. हा प्रश्न तिथं विचारायला नको होता. आम्ही दोघांनीही आजूबाजूला पाहिलं.

तिनं हात जोडले. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण तिचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. मोठा, सपाट, थोडा हेल काढलेला. तिच्या आजोळच्या गुरवाचा असावा.

“बा म्हाराजा, बारा गावच्या, बारा येशीच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा,” मी म्हटलं. माझा आवाज धुक्यात जाऊन कशाला तरी लागून परत आल्यासारखा झाला.

“आज ही तुझी लेकरां लांबसून तुझ्या दारात इलीहत. जा काय मनात असा, त्येचो तूच निवाडो दी म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

जिथं एकही घर उरलेलं नव्हतं त्या गावाच्या राखणदाराला ती हाक मारत होती, आणि मी त्याला होकार देत होतो. मग आम्ही वाट बघू लागलो.

मेंढ्या जमल्या. त्या अशा जमतात, कुतूहलानं, हे मला माहीत होतं. पण त्या आवाज न करता धुक्यातून येऊन आमच्याभोवती गोल उभ्या राहिल्या, जबडे हलवत, आणि कुणीच पुढं आलं नाही की मागं गेलं नाही. गावात निवाडा असला की लोक असेच उभे राहत असतील. माझे पाय बधिर झाले होते. ओल्या दगडावर पाकळ्या अगदी पांढऱ्या दिसत होत्या. मी उजव्या पाकळीकडं बघत होतो. मला एडक्याबद्दल सगळं माहीत होतं, तेलाबद्दल, रंगाबद्दल, आणि तरी मी तिच्याकडं इतका रोखून बघत होतो की ती माझ्या नजरेनं सुटेल. पड, मी म्हणत होतो. मनातच, पण म्हणत होतो.

डावी पडली. वारा नव्हता. ती नुसती सुटली, दगडावरून घरंगळली आणि चिखलात उताणी पडली.

बायकोनं श्वास सोडला. तेव्हा मला कळलं की तिनंही तो धरून ठेवला होता.

मी म्हणालो, की हा निकाल धरता येणार नाही. माझं बोलणं मलाच एखाद्या मीटिंगमधल्यासारखं ऐकू येत होतं. मी म्हटलं, उजव्या बाजूला रंग आहे, चिकट, तेलकट. तिथं काहीही चिकटून राहील. डावी बाजू नुसता ओला दगड आहे. एडका एकाच बाजूनं अंग घासतो. दोन्ही बाजू सारख्या नाहीत, तर चाचणी निकोप कशी? बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की एडका माझ्या तोंडून बाहेर पडला.

ती रागावली नाही. चकितही झाली नाही.

“तुला कधी कळलं?” तिनं विचारलं.

“बुधवारी. तो इथंच होता.”

“मला शेंदरानंतर लगेच. मी एकटी येऊन गेले. शेतकरी होता, त्यालाच विचारलं.”

म्हणजे भांडी घासताना तिनं मला विचारलं तेव्हा तिला ठाऊक होतं. मी त्या दगडाकडं पाहिलं. उजवी पाकळी लाल रंगात घट्ट बसली होती, कडेनं थोडी गुलाबी होऊ लागली होती.

“मग ती पाकळी तिथं का लावलीस?”

“तिथंच लावायची होती,” ती म्हणाली. “दाबून लावली. बघितलं नाहीस?”

मी बघितलं होतं. फिल्मवरचा मुगाएवढा डाग मी सोडत नाही, पण हे मी बघितलं आणि वाचलं नाही.

मी म्हटलं, हे घरी सांगता आलं असतं. ती म्हणाली, घरी सांगितलं असतं तर तू टक्केवारी काढली असतीस, मग कन्सल्टंटांना फोन केला असतास, मग ते म्हणाले असते आपण पुन्हा विचार करू. आणि मी पुन्हा विचार केला असता. हे ती भांडणाच्या सुरात म्हणाली नाही. बूट घालता घालता, एकेक वाक्य नाडीबरोबर ओढून बांधत म्हणाली. मग तिनं हनुवटीनं गोलातल्या एका मेंढीकडं खूण केली. मेंढीच्या पाठीवर तिन्ही रंग होते. पिवळा जुना झालेला, त्यावर शेंदरी, त्यावर ताजा लाल.

“तिला कुणी विचारलं नाही,” ती म्हणाली. “मलाही कुणी विचारलं नाही. तू विचारायचास, पण तुला उत्तर माहीत असल्यासारखं. म्हणून मी ज्याला काहीच माहीत नाही त्याला विचारलं.”

मला हे सगळं खोडता आलं असतं. खोडायला माझ्याकडं पुस्तकं होती. पण मला तिसरा प्रयत्न हवा होता, आणि तो आता होणार नव्हता, हे एवढंच त्या वेळी माझ्या डोक्यात होतं. मेंढ्या अजून उभ्या होत्या. मी त्यांना हुसकावलं. त्या चार पावलं मागं सरकल्या आणि पुन्हा थांबल्या.

“आणि मला कशाला आणलंस?” मी म्हटलं. “पाकळीची जागा तूच ठरवलीस, निकाल तूच ठरवलास.”

“व्हय म्हणायला,” ती म्हणाली. “एकटीचं गाऱ्हाणं धरत नाहीत.”

तिनं सायकल उचलून गल्लीच्या चढाकडं वळवली, पण निघाली नाही. हँडल धरून, माझ्याकडं न बघता उभी राहिली. धुकं तिच्या पायांशी आणखी दाटलं होतं. मी मघाशी दोनदा व्हय म्हटलं होतं, पण तेव्हा मला वाटत होतं की ते म्हणण्याला काही अर्थ नाही. आता ती कशाची वाट बघतेय ते मला कळत होतं, आणि ते म्हटल्यावर काय काय संपतं, तेही. तिनं घाई केली नाही.

“व्हय,” मी म्हटलं. म्हाराजा म्हणायचं राहून गेलं.